दुसरा इअरफोन

"ताई, शेवटचा भाग माझ्याशिवाय ऐकायचा नाही हं," दवाखान्यात जाताना धाकटा भाऊ म्हणाला होता. तिने शब्द दिला. तो काही घरी परतला नाही.

वर्षभर ती अंतराळयानाच्या त्या श्रुतिकेचे जुनेच भाग नेमाने ऐकत राहिली. एक इअरफोन आपल्या कानात, दुसरा त्याच्या उशीवर. श्रोत्यांच्या ग्रुपवर चेष्टा व्हायची, "ताई, यान केव्हाच उतरलं, तुम्ही अजून आभाळातच?" ती नुसती हसायची.

आज वायर गुंडाळताना उशीवरचा इअरफोन कोमट लागला.

आपलाच हात गार असेल, म्हणून तिने इअरफोन गालाला लावला. आत्ताच कुणी कानातून काढावा, तशी ऊब होती.

तिने तो परत उशीवर ठेवला, पलंगाच्या काठाशी सरकून जागा केली आणि शेवटचा भाग लावला.