सहा तासांची चाचणी

पहिल्या अर्ध्या तासाचा आकडा लिहिताना पुष्पलताचा हात थबकला. विजेचा प्रवाह एवढा यायला नको होता. तिनं आधी यंत्रावरच संशय घेतला. वायरी तपासल्या. सीलमधून पाणी गळतंय का, ते कागदानं टिपून पाहिलं. कागद कोरडाच राहिला.

बहारीनमधल्या तुबलीतल्या त्या प्रयोगशाळेत हे यंत्र येऊन वर्षही झालं नव्हतं. रस्त्यातून कापून आणलेली काँक्रीटची दोन इंची चकती दोन डब्यांच्या मधे बसवायची. एका डब्यात मिठाचं पाणी, दुसऱ्यात कॉस्टिक सोड्याचं. मग सहा तास वीज सोडायची आणि दर अर्ध्या तासानं आकडा लिहायचा. वीज जितकी जास्त वाहील, तितकं मीठ त्या काँक्रीटमध्ये सहज शिरणार. आणि इथं मीठ पाण्यात, मातीत, हवेत, सगळीकडे. आतलं लोखंड गंजलं की रस्ता फुटायला वेळ लागत नाही. ताकद बघायला काँक्रीट ओततानाच ठोकळे भरून ठेवतात आणि नंतर दाबून फोडतात, त्यांत हे कळत नाही. या कामाचे ठोकळे तर सगळे पास झाले होते.

काम होतं बंदराकडे जाणाऱ्या काँक्रीटच्या रस्त्याचं, आणि तिथला फोरमन होता रहिमतुल्ला.

रहिमतुल्ला म्हसळ्याचा, पुष्पलता महाडची. गुदैबियात दोघांची घरं एकाच इमारतीत. दोन वर्षांपूर्वी पुष्पलताच्या लेकीचा, अक्षताचा जन्म झाला तेव्हा तिच्या आईला व्हिसा मिळाला नव्हता. रहिमतुल्लाची बायको शरीफुन्निसा चाळीस दिवस रोज दोन जिने चढून वर आली. तिनं बाळाला न्हाऊ घातलं, बाळंतिणीला ताजी भाकरी करून वाढली. लहू, पुष्पलताचा नवरा, अजूनही म्हणायचा, त्या बाईनं आपल्याला सांभाळलं.

आता रहिमतुल्लाचा व्हिसा जानेवारीत संपत होता. त्यांची आतिका दहावीला होती, परीक्षा मार्चमध्ये. काम नापास झालं की आधी फोरमनला घरी पाठवतात, त्याचा व्हिसा वाढवत नाहीत, हे पुष्पलताला चांगलं माहीत होतं.

साडेदहाला दार उघडलं. रहिमतुल्ला आत आला. त्यानं हेल्मेट काढून हातात धरलं.

"चालू हय?"

"हो चाचा. तीनला संपेल."

"मग बसतो."

तो भिंतीकडच्या बाकावर बसला. पुष्पलतानं चहा दिला. त्यानं तो घेतला आणि तसाच हातात धरून ठेवला. आकडा किती आला, असं त्यानं विचारलं नाही. त्याच्या न विचारण्याचंच तिला दडपण आलं. तो काहीतरी मागायला आलाय आणि त्याला तोंड उघडवत नाही, असं तिला वाटलं.

अकरा. साडेअकरा. प्रत्येक आकडा आधीच्यापेक्षा मोठा. सहा तासांच्या बेरजेची मर्यादा दोन हजारांची होती. बेरीज ती ओलांडून खूप पुढे जाणार, हे आताच दिसत होतं.

बाराच्या सुमारास साइट इंजिनीअरचा फोन आला. "मॅडम, क्यूब तो सब पास हैं. नई मशीन है, थोडा ऊपर-नीचे होता होगा ना?"

"तीन बजे बताती हूँ सर," ती म्हणाली आणि फोन ठेवला. रहिमतुल्लानं फोनकडे एकदा पाहिलं. मग मान खाली घातली.

दीडला तिनं डब्याला हात लावून पाहिला. आतलं पाणी तापलं होतं. काँक्रीट चांगलं असलं की ते एवढं तापत नाही. यंत्र आकडा दाखवायचं, पण छापून द्यायचं नाही. तक्ता तिच्याच हातानं भरला जात होता. खाली सही तिची एकटीचीच. नवा तक्ता घ्यायचा, प्रत्येक ओळीत आकडा थोडा खाली आणायचा, की बेरीज मर्यादेच्या आत. तिनं मनातल्या मनात ते गणित करूनसुद्धा पाहिलं. सोपं होतं. ते इतकं सोपं आहे, याचीच तिला भीती वाटली.

तीन वाजले. तिनं वीज बंद केली. दोनदा बेरीज केली. चार हजार सातशे बारा.

रहिमतुल्ला बाकावरून उठला नव्हता. ती त्याच्याकडे न बघता हळू आवाजात म्हणाली, "चाचा, शेवटचा आकडा मी अजून लिहिलेला नाही."

त्यानं हेल्मेट बाकावर ठेवलं. मग तो उठून टेबलापाशी आला.

"लिही बाय. जो आला हय तोच लिही."

"फेल आहे, चाचा."

"म्हायती हय. त्या दिवशी ट्रक अडकला, माल घट्ट व्हायला लागला. साहेब म्हणाला मालात पाणी मारा. मी मारला, तो तुकडा कच्चाच हय. ठोकळे त्याच्या आधीच भरून झाले होते, ते पास होणारच. परवा कन्सल्टंटचा माणूस आला, मलाच विचारला, चाचणीची चकती कुठनं कापू. चांगल्या जागा पुष्कळ होत्या. मी हीच दाखवली. ह्या रस्त्यावर भरलेले ट्रक जाणार."

पुष्पलतानं आकडा लिहिला. खाली 'नापास' लिहून सही केली. सही नेहमीसारखी आली नाही. रहिमतुल्लानं हेल्मेट उचललं आणि तो दाराकडे निघाला.

"चाचा," तिनं विचारलं, "तुम्हाला सगळं माहीत होतं, तर सकाळपासून इथं बसलात कशाला?"

तो थांबला.

"शरीफुन्निसानं धाडला. म्हणाली, पोर आपल्यासाठी आकडा बदलंल. जा, तिच्याजवळ बस, तसा करू देऊ नको."