उसने मास्तर

“काही झालं तरी आज तू तुझ्या पोराचा बाप नाहीस,” तेम्योंगच्या पाठीमागे एप्रनची गाठ मारत इसिंग म्हणाली. “आज तू मास्तर.”

“आणि पोरानं तातय म्हणून हाक मारली तर, टीचर?”

“मारली, तर दोघांनाही मी मारीन.”

तपासणीची बाई फाटकाशी येऊन ठेपली होती. एवढ्या पोरांना चार शिक्षक हवेत, असा नवा नियम. नावोतासच्या गोदीमागल्या त्या बालवाडीत शिक्षक एकच, इसिंग. नापास झाली की कुलूप. मग पोरं पुन्हा आयांच्या धुण्याच्या टपाशेजारी. म्हणून इसिंगनं डोकं चालवलं. तसं ते नको तिथंच चालायचं. ट्रायसिकलवाला तेम्योंग, फिशबॉलवाला कुलास, कपडे धुणारी सानिंग, तिघंही पालक, झाले मास्तर. चष्मा होता म्हणून सानिंग मुख्य बाई. खेळ रचणाऱ्यानं मागं राहावं, म्हणून इसिंग चौथी, नुसती मदतनीस.

बाई आत आली न आली, तोच तेम्योंगचं पोरगं धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडलं. “तातय!”

इसिंग पोराला सोडवायला धावली. बाई मात्र विरघळली. आपल्या गल्लीत कुठलाही पोक्त माणूस पोरांचा तातयच असतो. “बापासारखा लळा लावलाय हो!” ती म्हणाली.

मग तेम्योंग चार पायांची गाडी झाला. पोरं पाठीवर चढली, भाड्यावरून भांडली. सानिंगनं टपात फेस केला आणि बाहुल्यांना आंघोळी घातल्या. कुलासभोवती तर हशाच हशा. इसिंग आपली इमानदारीत शिट्टी फुंकत होती. “हाताची घडी! तोंडावर बोट!” तिच्या वाट्याची पोरं इस्त्री केल्यासारखी बसली होती. बघा, याला म्हणतात शिस्त, असं तिनं मनातल्या मनात स्वतःला सांगितलंही.

निघताना बाईनं चौघांना ओळीत उभं केलं.

“यातलं एक माणूस फक्त आज दाखवायला आणलंय. मला कळणार नाही असं वाटलं?”

कुलास एप्रनची गाठ सोडायला लागला. बाईचं बोट ओळीवरून फिरलं आणि इसिंगवर थांबलं.

“ही! हिच्याजवळ पोरं श्वाससुद्धा विचारून घेतात. हिला काढा, या तिघांसारखं कुणी आणा, मी आत्ता पास करते.”

इसिंगनं शिट्टी खिशात टाकली. खरं बोलावं तर कुलूप.

“बोला ना बाई, कुठून धरून आणलं तुम्हाला?”

“मासळीबाजारातून, मॅडम.”