एकशे सतरा नंबरचा नमुना

"पयल्यांदा आले तवा म्हनलं, थोडंसं रगत पाह्यजे. दुसऱ्यांदा म्हनलं, नळी फुटली. आता काय झालं?" पुष्पाने हात पदराखाली ओढून घेतला.

तनवीर उमरखेडच्या एका लॅबमध्ये रक्त तपासायचा. ढाणकीपलीकडच्या या तांड्यावर तो महिन्यात तिसऱ्यांदा आला होता. घरात बसायला जागा नव्हती. भाव नाही म्हणून ठेवलेला कापूस दारापर्यंत आला होता. तो उंबऱ्यावरच टेकला.

"नळी फुटली नव्हती, ताई. मी खोटं बोललो."

रक्तातून पसरणारी कावीळ ओळखायला एक नवं, स्वस्त कार्ड तयार होत होतं. ते गावोगावी जाणार होतं. त्याआधी दोनशे जणांचं रक्त मोठ्या मशीनवरही तपासायचं आणि कार्डावरही. एकशे नव्व्याण्णव जणांचं जुळलं. पुष्पाचं, एकशे सतरा नंबरचं, जुळेना. मशीन म्हणायचं, आहे. कार्ड म्हणायचं, नाही.

तनवीरने हे सगळं सांगितलं.

"मंग खरं कोनाचं?"

"मशीनचं. तुमच्या रक्तात ते लई थोडं आहे. कार्डाले दिसत नाही."

"अन् मले सातवा महिना लागला, ते दिसते ना?"

आतून सासू, सुखीबाई, ओरडली, "कार्डात नाही म्हनते तर नाही. कायले टोचून राह्यले पोरीले?"

"आमच्या लॅबचे डॉक्टरबी तेच म्हणतात, मावशी," तनवीर म्हणाला. "नमुना खराब होता असं लिही अन् सोडून दे म्हणतात. ताजं रगत मी स्वतः नेलं, तर खराब म्हणता येणार नाही."

"लेकराले होते का ते?" पुष्पाने विचारलं.

"होऊ शकते. पण जन्मल्याबरोबर सुया देल्या, तर बहुतेक टळते."

पुष्पाने बाही वर सरकवली. कापूस वेचून बोटांना चिरा पडल्या होत्या. सुई शिरताना तिने तोंड फिरवलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते ताजं रक्त कार्डावर टाकून डॉक्टर स्वतः समोर बसले. वीस मिनिटं झाली. एकच रेघ उमटली. 'आहे' सांगणारी दुसरी आलीच नाही. त्यांनी चष्मा काढून टेबलावर टाकला.

"आता कार्ड सुधारायला परत पाठवावं लागणार. सहा महिने गेले. दोनशेत एक चुकलं तर काय बिघडतं, तनवीर?"

पुष्पा बाळंतपणाला ज्या दवाखान्यात जाणार होती, तिथे तनवीरने फोन लावला. सिस्टर उमेराने नाव लिहून घेतलं.

"जन्मल्याबरोबर लस, अन् सोबतचं दुसरं इंजेक्शन. आतापासून मागवून ठेवा, सिस्टर."

"आमच्याकडं आधी कार्ड लावतात, ते जुनंच. त्यात निघालं तरच इंजेक्शन मिळते."

"नव्यात निघालं नाही, जुन्यातबी निघणार नाही."

"मंग नाहीच ना तिले?"

तनवीरने कपाळ दाबून धरलं. एका आठवड्यात हे तो चौथ्यांदा समजावत होता.

"आहे तिले."

"पण कार्डात नाही आलं तर मी रजिस्टरात लिहू काय?"

"आहे, असं लिहा."