सुतळीचे पाच मजले

सगळ्यांच्या माना वर गेल्या आणि वरच राहिल्या.

गावाबाहेरच्या माळावर बांबू उभे होते. एकाला एक जोडलेले, टोकाला लाल फडकी, आणि मजल्यामजल्याला सुतळी ताणलेली. आत काहीच नव्हतं, नुसती हवा. पण त्या हवेला आता पाच मजले होते.

या गावची रीतच तशी. कुणाला घर बांधायचं असेल, तर आधी तेवढ्या उंचीच्या काठ्या ठोकायच्या. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी त्या महिनाभर बघायच्या, काय कुरकुर करायची ती करायची, मगच नगरपालिका परवानगी देणार. नवा कायदा येऊ घातला होता, तो ही रीत मोडीत काढणार होता. माळावर किती मजले चढवायचे, अगदी पाचसुद्धा, ते राजधानीत ठरणार, गावाला कुणी विचारणारसुद्धा नाही. त्यावर नगरपालिकेने मत कळवायचा आज शेवटचा दिवस. अध्यक्षबाईंनी मुद्दाम काठ्या उभ्या करवल्या होत्या. एकदा हे धूड डोळ्यांनी बघितलं की सदस्य आपणहून विरोध करतील, अशी त्यांची खात्री होती.

खात्री काही खोटी नव्हती. सभेत हमखास डुलक्या काढणारे गिरणीवाले टक्क जागे होते. औषधवाल्यांचा वासलेला आ मिटेना. गावात आजवर दोन मजल्यांच्या वर काठी गेलीच नव्हती. खुद्द बाई दोन पावलं मागे सरल्या, आणि तरी नजर हटेना. केवढं हे! पाखरांचा एक थवा भरधाव आला आणि त्या रिकाम्या सुतळीला वळसा घालून पलीकडे गेला.

"बाई, आयुष्य बांधकामात गेलं माझं," काठ्या ठोकणारा गवंडी हळूच म्हणाला, "पण वरची फडकी बांधताना खाली बघवेना."

"मग विरोधच कळवायचा ना?" सचिवांनी विचारलं.

बाई हो म्हणणार, तेवढ्यात त्यांचं लक्ष खाली गेलं. त्यांनी नुसता बाहेरचा आकार सांगितला होता, पण गवंड्याने हाताच्या सवयीने तळमजल्याच्या खोल्याही आखून टाकल्या होत्या. आणि त्या खोल्यांत माणसं होती. गावातली तरणी जोडपी. कुणी पावलांनी लांबीरुंदी मोजत होतं, कुणी नुसतंच उभं होतं. सगळी दबक्या आवाजात बोलत होती, शेजारी कुणी झोपलेलं असावं तशी.

मधल्या खोलीत बाईंची मुलगी बसली होती, मांडीवर तान्हं घेऊन.

मुलगी गावच्या दवाखान्यात नर्स होती. लग्न झाल्यापासून गावात भाड्याने एक खोली मिळेना, आणि बाईंच्या घरात थोरल्या मुलाचाच संसार मावत नव्हता. म्हणून ती शहरातून दोन बस बदलून कामाला यायची. आता तान्ह्यासकट ते जमेना. येत्या पहिल्या तारखेपासून ती नोकरी सोडणार होती, म्हणजे गावही सुटलंच. बाई हे सभेत कुणाजवळ बोलल्या नव्हत्या. रात्री मात्र उशीला सांगून झालं होतं.

"अगं, इथे काय करतेस?" बाई तरातरा निघाल्या. सुतळी ओलांडायला त्यांनी पाय उचलला.

"आई!" मुलीने ओठांवर बोट ठेवलं. "आत्ता कुठे डोळा लागलाय त्याचा. आणि भिंतीतून काय येतेस? दार तिकडून आहे."

बाईंचा पाय अधांतरीच राहिला.

"काय कळवू, बाई?" मागून सचिवांनी पुन्हा विचारलं.

बाईंनी पाय मागे घेतला. त्या सुतळीच्या कडेकडेने चालू लागल्या, पार दुसऱ्या अंगाला वळल्या. सदस्य त्यांच्या मागे. तिथे दोन खुंट्यांच्या मध्ये सुतळी सोडलेली होती, एक माणूस जाईल एवढी वाट.

बाईंनी चपला काढल्या, नीट जोडून कडेला ठेवल्या आणि आत गेल्या.

मागोमाग आलेले गिरणीवाले खाली वाकले आणि बुटांच्या नाड्या सोडू लागले.