नावामागचं काम

मिनाच्या मशीनवर तीच ओळ पुन्हा उमटली, तसे शिवशंकर सर खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले. हिंगोलीच्या त्या कॉम्प्युटर क्लासमध्ये सहामाही प्रॅक्टिकल चालू होतं. बाहेरगावचे परीक्षक पलीकडच्या रांगेत एकेकाचा प्रोग्राम तपासत होते. नापास झालेल्याला पुढचे सहा महिने क्लास बंद. आणि मिनासारख्या नव्या सुनेचा क्लास एकदा बंद पडला की कायमचाच.

दारात तिचा सासरा लालसिंग उभा होता. गोरेगावजवळच्या तांड्यावरून तिला जीपने घेऊन आलेला. घरी हळद शिजवायची कढई चुलीवर होती, त्यामुळे त्याचा निम्मा जीव तिकडेच. तासाभरात उरकेल, अशा समजुतीने तो आला होता.

"काय म्हणून राहिलं मशीन?" त्याने सरांना विचारलं. सून सासऱ्याशी समोरासमोर बोलत नाही, ही तांड्याची रीत. मधे सर होते, ते बरंच होतं.

"सरासरी नावाचं काम सापडत नाही म्हणतंय, काका."

तालुक्यांचा पाऊस भरायचा आणि सरासरी काढायची, एवढाच काय तो प्रोग्राम; तीन फाईलींत लिहून शेवटी जोडायचा. सरांनी आधी नाव पाहिलं. सगळीकडे सारखंच लिहिलेलं होतं. मग एकेक फाईल वेगळी तपासली. दोन्ही बिनचूक निघाल्या. "तिसरी, सरासरीची, जोडायची राहिली वाटतं," असं म्हणत त्यांनी ती मशीनमध्ये शोधली. फ्लॉपी लावून तिच्यातही शोधली. तिसरी फाईल नव्हतीच.

"मघा तर समदं बराबर म्हणलं की," लालसिंग म्हणाला.

"एकेकटी फाईल तपासताना मशीन शब्दावर विश्वास ठेवतं, काका. असं असं काम पुढं आहे, एवढं वर लिहून दिलं की त्याला पुरतं. सगळं जोडायची वेळ आली की मात्र म्हणतं, कुठंय, दाखव."

"मंग नुसतं नाव लिवून टाका."

"टाकता येतं. आत काही न करता शून्य द्यायचं. मशीन गप बसतं. पण पाऊस कितीही पडो, सरासरी शून्य."

"म्हणजे बोलाची कढी," लालसिंग म्हणाला आणि स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन हसला. सरही हसले. मिना हसली नाही.

"तू तिसरी फाईल का नाही लिहिलीस गं?" सरांनी विचारलं. "फेब्रुवारीत वर्गात सगळ्यांनी तीच तर केली."

मिनाने पदर पुढे ओढला. "माझ्याकडून राहिलं, सर."

लालसिंगचं हसू तिथल्या तिथे मावळलं. सोयरीक ठरली तेव्हा तांड्याच्या नाईकासमोर, भरल्या पंचांत, त्यानेच छाती पुढे काढून सांगितलं होतं, "पोरीचा क्लास बंद व्हणार न्हाई." मिनाच्या बापाने, हरिचंदने, तेव्हा त्याचे हात धरले होते. मग लग्न झालं आणि हळद काढणीला आली. क्लासचा वार उजाडला की लालसिंग म्हणायचा, बघू पुढच्या आठवड्यात. नाही असं तो कधी म्हणालाच नव्हता. त्यामुळे आपला शब्द मोडला, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. आता आलं ते असं, चारचौघांत, आणि वर पोरीने त्याला पाठीशी घातलेलं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तिच्याकडून न्हाई राहिलं," तो एवढ्या मोठ्याने बोलला की परीक्षकांनी वळून पाहिलं. "माझ्याकडून राहिलं. म्याच धाडलं न्हाई तिला."

परीक्षकांनी चष्म्यावरून आधी त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"माझी ही रांग व्हायची आहे," ते म्हणाले. "तोवर लिही."

खाली रस्त्यावर तांड्याच्या खेपा करणाऱ्या धर्मसिंगची जीप भरत आली होती. लालसिंगने वरूनच त्याला हाक मारून सांगितलं, आमची जागा दुसऱ्याला दे, आमी शेवटच्या खेपेला येतो.

"आन् कढई, काका?"

"बघंल कोणी बी."

म्हणाला खरा, पण बायको जिवनबाई काय काय बोलेल हे त्याला ठाऊक होतं. तरी तो जागचा हलला नाही. आत मिना लिहीत होती, खोडत होती, पुन्हा लिहीत होती. सर तिच्या शेजारून उठून लांब जाऊन उभे राहिले होते.

परीक्षक तिच्यापाशी आले तेव्हा मशीनने कुरकुर केली नाही. त्यांनी स्वतः पावसाचे आकडे भरले. सरासरी आली. त्यांनी कागदावर मांडून पडताळा घेतला आणि मान हलवली.

"पास झाली, काका," सर दाराशी येऊन म्हणाले. "पुढचे वर्ग सोमवारपासून. सोमवार, बुधवार, शुक्रवार. पाठवाल ना?"

'म्हंजे काय!' लालसिंगच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते त्याने गिळलं. सरांना हात जोडले आणि जिना उतरून खाली गेला. धर्मसिंग शेवटच्या खेपेसाठी परत येऊन उभा होता.

"सोमवार, बुधवार, शुक्रवार," लालसिंग त्याला म्हणाला. "सकाळच्या खेपेला आमच्या दारापुढं थांबायचं. एक शीट सुनेचं. हॉर्न वाजवायचा."

"आन् घरचं कोणी न्हाई म्हणलं तर?"

"तरी वाजवत राह्य. पोरगी बसल्याबिगर जीप हलवू नको."

धर्मसिंग हसला. "काकी न्हाई म्हणती काय?"

"काकी न्हाई," लालसिंग म्हणाला. "मी."