वीस सेकंद

"हात वीस सेकंद चोळायचे," असं म्हणत शिबिराच्या मॅडम हौसाबाईच्या हंड्यातून तांब्यामागून तांब्या ओतत होत्या. टँकर चार दिवसांनी आला होता. या एका हंड्यासाठी हौसाबाईनं कोपरानं असं ढोसलं होतं, की अर्धी वस्ती अजून बरगड्या धरून बसली होती. पण नातवाचे जुलाब अशानं तरी थांबतील, म्हणून तिनंच तो हंडा पुढे केला होता.

गल्लीतल्या चाळीस पोरांचे हात असे लखलखले, की पत्र्यावरच्या कावळ्यांनी डोळे मिटून घेतले.

"छान झालं, मावशी," मॅडम निघता निघता म्हणाल्या. "आता नातवाला सारखं मीठसाखरेचं पाणी पाजा. उकळूनच, बरं का."

हौसाबाईनं हंडा पालथा करून त्यांच्यापुढे धरला.

"तुमचे हात स्वच्छ आहेत, तुम्हीच पिळा हा. निघेल तेवढं उकळते."