काचेवरचं पाणी

"भाऊ, डाग चाखून तुम्ही पाणी कुठलं ते सांगता म्हणे. खरं का?"

जीवनने काचेवरून नख फिरवलं आणि मग वर पाहिलं. पन्नाशीची बाई होती, सुती साडीतली, गाडी स्वतःच चालवत आलेली. सकाळपासूनची ही त्याची चौथी गाडी. उजवा हात खांद्यापासून भरून आला होता.

"आधी गाडी निंबाखाली घ्या, ताई. धूपमधे काच तापली का डाग अजून पक्का बसतो."

तिने गाडी सावलीत घेतली. काचेवरचे पाण्याचे पांढरे डाग हाताने घासून काढणारे बऱ्हाणपुरात दोन-चार जण होते. पण डागावर ओलं बोट घासून, ते जिभेला लावून, हे नळाचं, हे बोअरचं, हे तापीचं असं सांगणारा जीवन एकटाच. लोक पैजा लावत आणि हरत. तीस वर्षांत त्याचं एकही पाणी चुकलं नव्हतं. दुसरं मिरवण्यासारखं त्याच्याजवळ काही नव्हतंच.

"मी ज्योत्स्ना. लालबागला राहतो आम्ही," बाई म्हणाली. "साहेब रविवारी स्वतःच आणणार होते गाडी. तुमचं नाव त्यांनीच कुठूनतरी ऐकलं. मी म्हटलं, मीच नेते."

"साहेब काय करतात?"

"कॉलेजात शिकवतात."

"शेतीबिती?"

"छे. कुंडीतलं झाड जगत नाही आमच्याकडे."

जीवनने बोट ओलं करून डागावर घासलं आणि जिभेला लावलं. खारट, मागून तुरट. दापोऱ्याच्या केळीपट्ट्यातलं बोअर. पुन्हा चाखायची गरजच नव्हती.

तो खाली वाकला. ठिपके डाव्या कोपऱ्यातून तिरके वर चढत गेले होते. केळीच्या मळ्यात ठिबकची नळी फुटली की अशीच बारीक पिचकारी उडते. मध्येच दोन तपकिरी थेंब होते, केळीच्या चिकाचे. म्हणजे रस्त्याने जाता-जाता उडालेलं पाणी नव्हतं. गाडी मळ्यात उभी होती.

"कळलं?" बाईने विचारलं.

"भिजू द्या जरा."

आंबट वासाच्या सिरक्यात बुडवलेलं फडकं त्याने काचेवर पसरलं. बसायला स्टूल पुढे केलं, पण ती बसली नाही. काचेकडे तिचं लक्षच नव्हतं. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"घरी अजून कोण असतं?" काहीतरी बोलायचं म्हणून त्याने विचारलं.

"आम्ही दोघंच." मग जरा थांबून ती म्हणाली, "एक मुलगी होती."

जीवनने फडक्याकडे हात नेला. अशा 'होती'च्या पुढे माणसाने विचारू नये.

फडकं काढून तो बारीक तारेच्या घासणीने घासायला लागला. एक थर निघाला, खाली दुसरा होता. दुसऱ्याखाली तिसरा. गाडी एकदा नाही, कितीतरी वेळा त्याच मळ्यात, त्याच जागी उभी राहिली होती. ज्याच्या घरी कुंडीतलं झाड जगत नाही, त्या कॉलेजातल्या माणसाचं केळीच्या मळ्यात दर आठवड्याला काय काम असणार?

त्याला मागच्या वर्षीची गोष्ट आठवली. एका व्यापाऱ्याच्या गाडीचं पाणी त्याने असंच सांगितलं होतं, हसत-हसत, त्याच्या बायकोसमोर. पाणी बरोबर निघालं आणि व्यापाऱ्याचं दुसरं घर उघडं पडलं. दोन महिन्यांत ती बाई सामान घेऊन माहेरी गेली ती आलीच नाही. लोकांनी जीवनच्या जिभेची तारीफ केली. त्याला मात्र कितीतरी दिवस अन्न गोड लागलं नाही.

आणि ह्या बाईला तर लेकही उरलेली नाही. एक नवरा काय तो आहे.

तो घासत राहिला. मनगट बधिर झालं, पाठ धरली. शेवटचा ठिपका निघाला तेव्हा उन्हं उतरणीला लागली होती.

"सांगा ना, भाऊ. मी केव्हाची उभी आहे. खरं काय ते सांगा."

त्याने फडकं पिळलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

"तापीचं पाणी आहे, ताई. राजघाटावर नेऊन कोणी गाडी धुतली असंल."

"बोअरचं नाही? मळ्याचं?"

"नाही."

"नक्की?"

"तीस वर्षं झाली हेच करून राहिलो, ताई."

"अन् दुसऱ्या कोणी बघितलं तर?"

"बघणार काय? काच तर साफ झाली."

ज्योत्स्नाबाईने एवढा मोठा श्वास सोडला की जीवनला भरून आलं. तिचे डोळे ओले झाले होते. पदराने ते टिपून, त्याला हात जोडून ती गाडीत जाऊन बसली.

जीवन स्टुलावर टेकला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने चुकीचं पाणी सांगितलं होतं आणि त्याला वाईट वाटत होतं. पण एक घर तरी वाचलं होतं. तेवढ्यावर आजचा थकवा सोसण्यासारखा होता.

गाडीची खिडकी उघडीच होती. बाईने फोन कानाला लावला होता.

"भूमिका, झालं गं काम! भाऊंनाही ओळखता आलं नाही. तुझं नाव टाकलंय ना बाबांनी, त्यांना आता काही कळायचं नाही. बाळाची अंगडी शिवून झालीत, गुरुवारी घेऊन येते. फक्त जावईबापूंना सांग, मळ्यातली ती फुटकी नळी तेवढी बदलून घ्या."